मुलींची लस

हेमांगी गवारेचं पत्र आलं त्या दिवशी मी ते जेवणाच्या टेबलावर दोनदा वाचलं, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. चष्मा मला रोज लागतो. तेव्हा पत्र रोज हाताला लागेल आणि कधीतरी उत्तर लिहावंच लागेल, असा माझा हिशेब होता. तसं झालं नाही. नंबर बदलले, चष्मे बदलले, पत्र जुन्या घरातून नव्या घरात जात राहिलं. शेवटची ओळ मला पाठ झाली होती. 'सर, त्या दिवशी माझ्यामागे सगळ्या उठल्या नसत्या, तर वेगळं झालं असतं का? मोठं लिहू नका. हो किंवा नाही, एवढंच कळवा.'

मोठं लिहू नका, हे तिने मुद्दाम घातलं असणार. मी मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवत असे. रोग होऊ नयेत म्हणून काय करावं, असा हा विषय. तो दुपारी जेवणानंतर असे आणि निम्मा वर्ग झोपलेला असे. जागे असत त्यांनी माझ्या वाक्यांतले 'बहुधा' आणि 'साधारणपणे' मोजायची पैज लावलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसाची सुरुवात खरं तर त्याच्या बऱ्याच आधी, मुलांच्या वॉर्डात झाली.

परीक्षा जवळ आली की आमच्याकडे ठरावीक पेशंटांना गावाहून बोलावून घेत. ज्यांची लक्षणं स्पष्ट दिसतात आणि ज्यांना तपासून घ्यायची सवय झालेली असते, असे. त्यात पाच वर्षांचा एक मुलगा होता. जाड भिंगांचा चष्मा, छातीत ऐकण्यासारखा आवाज आणि कानांनी पूर्ण बहिरा. आईला दिवस असताना रुबेला झाला होता. त्या पोराची आमच्याकडे दर परीक्षेला हजेरी असे. मी त्या सकाळी माझ्या प्रश्नावल्या गोळा करायला वॉर्डात गेलो होतो. रुबेलाच्या लसीबद्दल विद्यार्थ्यांना काय माहीत आहे आणि काय वाटतं, अशी ती प्रश्नावली होती.

"रुबेला आला रे, रुबेला!" नंदकिशोर उबाळेने दारातून हाळी दिली आणि सगळी बॅच त्या खाटेभोवती जमली.

हेमांगी पुढे झाली. वर्गात सगळ्यांत हुशार मुलगी. तिने पोराचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली, मग त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली. पोर हललं नाही.

"गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला संसर्ग झाला, तर डोळे, हृदय, कान," तिने बोटांवर मोजत सांगितलं.

"आणि ते टाळायचं कसं?" मी विचारलं.

"लस, सर. मुलींना, लग्नाआधी. दिवस असताना मात्र द्यायची नाही."

"तुम्ही घेतलीत?"

"मी?" मी दुसऱ्याच कुणाला विचारलं असावं, तसं तिने मागे वळून पाहिलं. "सर, ती लोकांसाठी असते ना?"

"आपण टोचणाऱ्यांतले, सर," उबाळे म्हणाला. "टोचून घेणाऱ्यांतले नाही."

सगळे हसले. पोराच्या आईलाही वाटलं आपण हसावं, म्हणून तीही हसली. बॅच निघून गेल्यावर ती मला म्हणाली, "तेचं नाव मारुती हाय, सायेब. हितं समदे रुबेलाच म्हणत्यात. त्याला ऐकू येत न्हाई म्हून बरं."

प्रश्नावल्या तपासल्या. जवळजवळ सगळ्यांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. रोग कसा पसरतो, गर्भाला काय होतं, लस कधी द्यावी, काही सुटलेलं नव्हतं. आणि 'तुम्ही लस घेतली आहे का?' या प्रश्नापुढे ओळीने 'नाही', 'नाही', 'माहीत नाही'. एकीने लिहिलं होतं, 'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.'

मी तो कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. डॉ. सावरगावकर. माणूस दिलदार, आवाज दणदणीत.

"रेणापूरकर, सगळ्यांना उत्तर येतंय. मग तुमची तक्रार काय?"

"सर, घेतली कुणीच नाही. या मुली सहा महिन्यांत बाळंतिणींच्या वॉर्डात जातील. वर्षा-दोन वर्षांत त्यांची लग्नं होतील."

"मला मधुमेह आहे. पथ्य मी रोज शिकवतो. आणि हे बघा," त्यांनी खण उघडून कागदात बांधलेली जिलबी दाखवली. "आपल्या खात्याचं काम माहीत करून देणं. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

मी तरीही सोडलं नाही. माझ्या आयुष्यात मी ज्या थोड्या गोष्टी सोडल्या नाहीत त्यांपैकी ती एक. औषधभांडाराने कळवलं, विद्यार्थी हे रुग्ण नसल्यामुळे त्यांच्यासाठी लस मागवता येणार नाही. आरोग्य खात्याने कळवलं, ही लस आमच्या कार्यक्रमात नाही. डीनसाहेबांच्या ऑफिसातून माझा अर्ज तीन वेळा परत आला. एकदा तर त्यावर 'रेबीज' असं समजून कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा शेरा मारलेला होता. शेवटी शहरातल्या एका औषधविक्रेत्याने लस द्यायचं कबूल केलं. मी एसटीने गेलो आणि बर्फ भरलेला थर्मास दोन्ही गुडघ्यांत धरून परत आलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कुल्फी का हो?" मी हो म्हणालो. समजावून सांगायला धीर नव्हता.

माझी योजना साधी होती. शेजारच्या खोलीत पडदा लावायचा. तिथे भंडारे सिस्टर एकेकीला हळूच विचारतील, पाळी कधी आली, काही शंका आहे का. शंका असेल तिला नुसता दंडावर कापूस लावून परत पाठवतील. बाहेर कुणाला काही कळणार नाही. हे मी सावरगावकरसरांना सांगितलं होतं. निदान सांगितलं असं मला वाटतं. माझं पुष्कळसं बोलणं माझ्याच तोंडात राहतं.

"तुमचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही," सर म्हणाले. "सूचना मी देतो."

लेक्चर हॉलमध्ये मुली बसल्या होत्या. मुलांना बाहेर काढलं होतं, पण ती खिडक्यांना लगडली होती. लस कोरड्या भुकटीची असते. पाण्यात कालवली की काही तासांत संपवायची, नाही तर टाकून द्यायची. मी पहिली बाटली कालवून तयार ठेवली.

"सर, आम्हाला नाही का?" खिडकीतून उबाळे ओरडला.

"तुला दिवस जाणार आहेत का रे?" सावरगावकरसर म्हणाले. हॉल हसण्याने भरून गेला. मीही हसलो. मग सर मुलींकडे वळले आणि त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "ही लस गरोदर बाईला चालत नाही. तेव्हा जी कोणी गरोदर असेल, तिने आत्ताच उठून बाहेर जावं. कारण विचारणार नाही!"

खिडक्यांतून शिट्ट्या आल्या. मुलींनी माना खाली घातल्या. मी पुढे होऊन काहीतरी म्हणणार होतो, पडदा, सिस्टर, असं काहीतरी. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत हेमांगी उभी राहिली.



"सर," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आम्ही अविवाहित मुली आहोत. भर वर्गात आम्हाला असं विचारणं हा आमचा अपमान आहे. आम्हाला ही लस नको. चला गं."

ती दाराकडे चालू लागली. क्षणभर कुणीच हललं नाही आणि ती दारापर्यंत एकटीच गेली. तिथे थांबून तिने मागे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. मग तिची रूममेट सुनीती उठली, मग तिच्या शेजारची, मग रांगच्या रांग.

"बघितलंत?" सर मला म्हणाले. "या उद्याच्या डॉक्टर!"

भंडारे सिस्टर पडद्यामागून बाहेर आल्या. "सर, ह्या बाटलीचं काय करू?"

"ओता," मी म्हणालो.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये हेमांगी भेटली. मी सहसा मुलींशी आपण होऊन बोलत नसे. त्या दिवशी संतापाने बोललो.

"तुम्ही तरी असं करायला नको होतं. तुम्हाला सगळं येतं."

"मला बोलू नका, सर. सावरगावकरसरांना बोला."

"त्यांचं चुकलंच. पण त्यासाठी सगळ्या वर्गाला घेऊन जायचं? मी उद्या पुन्हा ठेवतो. पडदा असेल, फक्त सिस्टर असतील."

"नको, सर. उद्या नको." ती भिंतीकडे पाहत होती. "सर, समजा..."

"काय समजा?"

"समजा एखादीला खरंच घेता येत नसेल. आणि बाकीच्यांनी घेतली. तर..."

"तर तिलाही फायदाच," मी म्हणालो. हा माझा आवडता भाग होता. "आजूबाजूच्यांना रोग झाला नाही, तर तिच्यापर्यंत पोचणार कसा? पुस्तकात बघा, सोळावं प्रकरण."

"पण ती कोण, ते सगळ्यांना कळेल ना?"

मी उत्तर देणार तेवढ्यात क्लार्क थर्मासची पावती मागायला आला. मी वळून पाहिलं तोवर ती गेली होती. मला वाटलं, हुशार मुलगी आहे, परीक्षेसाठी विचारत होती.

दुसऱ्या दिवशी पडदा लावून बसलो. एकही मुलगी आली नाही. उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये होत्या. लोडशेडिंगमध्ये बर्फ वितळला, तेव्हा त्याही गेल्या.

पुढे सत्र संपता संपता मुलींच्या हॉस्टेलवर लाल पुरळ आलं. दोन-तीन दिवस राहायचं आणि जायचं. कुणी गोवर म्हणालं, कुणी मेसच्या वांग्यावर ढकललं. मी रक्ततपासणी करा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, परीक्षा तोंडावर असल्याने अनावश्यक घबराट पसरवू नये. परीक्षेला हेमांगी बसली नाही. ती कॉलेज सोडून गेली. कुणी म्हणालं लग्न झालं, कुणी म्हणालं पळून गेली. सावरगावकरसर म्हणाले, "तुमची पुढारीण गेली हो!"

त्यानंतर कित्येक वर्षांनी ते पत्र आलं. मी निवृत्त होऊन पुण्यात भावाशेजारी राहायला आलो होतो. हेमांगीने मध्ये वर्ष गाळून दुसऱ्या कॉलेजातून पदवी घेतली होती आणि श्रीरामपूरजवळ तिचा दवाखाना होता. तिने सगळं सरळ लिहिलं होतं. त्या उन्हाळ्यात तिने कोर्टात लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी हॉलमध्ये तिला दुसरा महिना होता. लस घेता येत नव्हती आणि एकटीने उठून जाता येत नव्हतं. म्हणून ती सगळ्यांना घेऊन उठली. पुढे सुनीतीला पुरळ आलं, आणि त्याच आठवड्यात तिलाही. मुलीचं नाव मंजिरी. डोळे चांगले आहेत, हृदय चांगलं आहे. ऐकू अजिबात येत नाही. 'माझ्यामुळे सुनीतीने लस घेतली नाही, आणि सुनीतीकडून मला आलं. कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला हेच सांगत होतात.' आणि मग तो प्रश्न. हो किंवा नाही.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. दर वेळी कागद भरत असे. लसीचा परिणाम सुरू व्हायला लागणारा अवधी, रोग अंगात भिनायला लागणारा अवधी, 'निश्चित सांगता येत नसले तरी', 'बहुधा'. वाचून पाहिलं की लाज वाटे. ती बाई रोज रात्री मुलीच्या अंगावर पांघरूण घालताना स्वतःला एक प्रश्न विचारत असणार, आणि मी तिला सोळावं प्रकरण पाठवणार होतो. नुसतं 'नाही' लिहावं असंही मनात आलं. पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि खोटं लिहिलं तर तिने ते पहिल्या अक्षरात ओळखलं असतं. तिला सगळं येत होतं.

गेल्या वर्षी उबाळे भेटला. डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, लहान मुलांचा नावाजलेला डॉक्टर. शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम चालू होती आणि आमच्या गल्लीच्या शाळेवर देखरेखीला तो आला होता. मला फाटकातून ओळखून त्याने हात धरून आतच नेलं.

"बसा, सर. ही तुमचीच लस. ओळखलीत का?"

रांगेत मुलगे आणि मुली एकामागे एक उभे होते. भोकाड, चॉकलेटं, फुंकर. मी पाहत राहिलो.

"मुलग्यांनाही देतात?" मी विचारलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलेलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

"द्यायलाच हवी ना! पसरवतो कोण?" तो मोठ्याने हसला. "आठवतं, सर? मी खिडकीतून मागितली होती. तुम्ही दिली नाहीत."

"सावरगावकरसरांनी..."

"आणि गंमत म्हणजे आठ-दहा दिवसांनी मलाच झाला की रुबेला! अख्ख्या कॉलेजात पहिला मी."

"तुला घामोळं झालं होतं," मी म्हणालो. "कँटीनमध्ये मी विचारलं होतं. तू म्हणालास, घामोळं."

"मग काय सांगणार? तुम्ही खोलीत कोंडलं असतं, आणि माझी हजेरी तर आधीच काठावर. कानामागे गाठी आल्या होत्या, सर. पुस्तक उघडून ताडून पाहिलं. पाठ होतंच म्हणा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि गेलो वॉर्डात."

"कुठल्या वॉर्डात?"

"मुलांच्या. त्या आठवड्यात आमच्या बॅचला तोच पोरगा होता, आपला रुबेला. डोळे तपासताना त्याचं डोकं धरायला मला उभं केलं होतं. एका बाजूला सुनीती, एका बाजूला ती आपली गवारे, आणि मधे मी शिंकतोय! गवारे म्हणालीही, नंद्या, तोंड तिकडं कर." तो पुन्हा हसला. "कुठं असते हो ती? ग्रुपवर पण नाही."

"मारुती," मी म्हणालो.

"काय, सर?"

"त्या पोराचं नाव मारुती होतं."

तो क्षणभर गोंधळला, मग कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेला. हेमांगीबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. ते सांगणं न सांगणं तिच्याकडे होतं.

मी घरी आलो आणि चष्म्याचं घर उघडलं. पत्र घडीवर फाटत आलं होतं. सुनीतीला आणि तिला एकाच आठवड्यात पुरळ आलं, हे तिने स्वतःच लिहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यावरून नुसती नजर फिरवत आलो होतो. एकीकडून दुसरीला आलं असतं तर मध्ये दोन-तीन आठवडे गेले असते. एकाच आठवड्यात दोघींना, म्हणजे दोघींना एकाच जागेवरून. ती जागा मला आता कळली होती. हॉलमधल्या सगळ्या मुलींनी त्या दिवशी दंड पुढे केले असते आणि सगळ्या बाटल्या संपल्या असत्या, तरी उबाळे खिडकीबाहेरच उभा होता. त्याच्यासाठी आम्ही कुणी बाटली आणलीच नव्हती.

मी कागद घेतला. सवयीने पहिला शब्द 'बहुधा' लिहिला गेला. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

'चि. हेमांगी,

नाही.

तुला आणि सुनीतीला तो आजार वर्गातल्या एका मुलाकडून, एकाच वेळी आला. सुनीतीकडून तुला आला नाही. सगळ्या बसून राहिल्या असत्या तरी आला असता. मुलांना लस द्यायचं आम्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. याबद्दल मला खात्री आहे.

मंजिरीला आशीर्वाद.

रेणापूरकर'

'मला खात्री आहे' हे मी आयुष्यात कधी कुणाला लिहिल्याचं आठवत नाही. पुन्हा वाचून पाहिलं. राहू दिलं.

पोस्टात दुपारची गर्दी ओसरली होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं, वजन केलं.

"आजोबा, साधं करू की स्पीड पोस्ट? घाईचं आहे का?"

"घाईचं आहे," मी म्हणालो. माझा आवाज पार मागच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण तिकिटं चिकटवत बसलेला एक जण मान वर करून बघायला लागला.

तिने पाकिटावर शिक्का मारला.